ज्वाला, कसोटी आणि विषारीपणा : प्लास्टिकमधील ज्वालारोधक द्रव्यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाभारतातील लाक्षागृहाची कथा आपणा सर्वांना परिचित आहे. पांडवांना जाळून मारण्यासाठी दुर्योधनाने जे घर बांधविले त्यात लाख वापरली होती. लाख हे निसर्गात आढळणारे राळस्वरूप द्रव्य आहे. उष्णता दिली की ते मऊ होते, हवा तो आकार घेते आणि ठिणगी पडताच पेट घेते. घडवायला सोपे ते जळायलाही सोपे, ही जाणीव आपल्या परंपरेत अशी फार जुनी आहे.

आज आपण लाखेच्या नव्हे, परंतु मोठ्या प्रमाणात प्लास्टिकने भरलेल्या घरात राहतो. विजेची बटणे, तारांवरील वेष्टण, संगणकाचे आवरण, सोफ्यातील फोम, खिडक्यांचे पडदे या सर्व वस्तू बहुवारिकांच्या, म्हणजेच पॉलिमरच्या बनलेल्या असतात. एक किलोग्रॅम पॉलिएथिलीन जळाले असता सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते. हे प्रमाण रॉकेलच्या जवळपास जाणारे आणि लाकडाच्या सुमारे अडीच पट आहे. अशा घनरूप इंधनाच्या सान्निध्यात आपण निर्धास्तपणे वावरतो, कारण यांपैकी अनेक वस्तूंत ज्वालारोधक द्रव्य मिसळलेले असते.

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत हा विषय बहुधा रसायनांच्या यादीच्या स्वरूपात येतो. प्रस्तुत लेखात त्याचा इतिहासाच्या अंगाने विचार केला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, ज्वालारोधक द्रव्यांचा इतिहास हा केवळ रसायनशास्त्राच्या प्रगतीचा इतिहास नसून तो कसोट्यांचा इतिहास आहे. समाजाने ज्या धोक्याचे मोजमाप केले, त्या धोक्यावर उद्योगाने उपाय शोधला. ज्याचे मोजमाप झाले नाही, तो धोका काही वर्षांनी निराळ्या रूपात समाजासमोर उभा राहिला.

१. पूर्वपीठिका : कापड आणि रंगभूमी

ज्वालारोधनाचा आधुनिक इतिहास प्लास्टिकपासून नव्हे, तर कापडापासून सुरू होतो. इ. स. १७३५ मध्ये इंग्लंडमध्ये ओबेडाया वाइल्ड यास कापड व कागद न पेटण्याजोगे करण्याच्या प्रक्रियेचे एकस्व मिळाले. त्याच्या मिश्रणात तुरटी, टाकणखार व हिराकस ही द्रव्ये होती. पुढे फ्रान्सचा राजा अठरावा लुई याच्या सूचनेवरून जोसेफ लुई गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाने नाट्यगृहांतील पडद्यांच्या प्रश्नाचा अभ्यास केला. त्या काळी रंगमंचावर उघड्या ज्योतींचा प्रकाश असे आणि पडदे तागाच्या किंवा तत्सम धाग्यांच्या कापडाचे असत. १८२१ मध्ये त्याने अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांच्या मिश्रणांचे गुणधर्म प्रसिद्ध केले. या द्रव्यांच्या निवडीमागे पद्धतशीर प्रयोग होते आणि फॉस्फरस व बोरॉन यांचा ज्वालारोधनाशी असलेला संबंध त्यातून प्रस्थापित झाला.

परंतु हे क्षार पाण्यात विरघळत. कापड एकदा धुतले की संरक्षण संपे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी विल्यम हेन्री पर्किन (कनिष्ठ) याने या अडचणीवर काम केले. स्वस्त सुती फ्लॅनेलच्या कपड्यांना आग लागून इंग्लंडमध्ये लहान मुले दगावत, ही त्याच्या संशोधनामागील प्रेरणा होती. त्याने आदर्श प्रक्रियेच्या ज्या अटी मांडल्या त्या आजही लक्षात घेण्याजोग्या आहेत. प्रक्रिया वारंवार धुण्याने नाहीशी होऊ नये, कापडाचा पोत बिघडू नये, ती स्वस्त असावी आणि वापरणाऱ्याच्या शरीराला तिने अपाय होऊ नये. यांतील शेवटच्या अटीचा पुढील अर्धशतकात उद्योगजगताला जवळजवळ विसर पडला, असे म्हणावे लागते.

२. सेल्युलॉइड ते बेकलाइट

प्लास्टिकच्या युगाचा प्रारंभच ज्वलनशील पदार्थाने झाला. अलेक्झांडर पार्क्स याने १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात सेल्युलोज नायट्रेटपासून केलेल्या वस्तू मांडल्या. त्यानंतर अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने कापराच्या साहाय्याने सेल्युलॉइड तयार केले. बिलियर्डचे चेंडू, कंगवे, सदऱ्याच्या कॉलर आणि पुढे चित्रपटाची फीत असा त्याचा विस्तार झाला. या पदार्थाच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे नायट्रेट फिल्म एकदा पेटली की हवा तोडूनही विझत नाही. या धोक्यावर उपाय म्हणून ट्रायफेनिल फॉस्फेटसारखी द्रव्ये मिसळण्यास सुरुवात झाली आणि कालांतराने सेल्युलोज ॲसिटेटच्या ‘सुरक्षित’ फितीने नायट्रेटची जागा घेतली. या संक्रमणाची किंमत महाराष्ट्रानेही मोजली आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळाचा मोठा ठेवा नष्ट झाला.

याउलट लिओ बेकलंड याने १९०७ मध्ये सिद्ध केलेले बेकलाइट वितळत नसे. तापले तर त्याचा कोळसा होई. विद्युतरोधक म्हणून वापरल्या जाणाऱ्या आणि मुख्यतः भारतातून जाणाऱ्या लाखेला पर्याय शोधताना हा शोध लागला, ही बाब आपल्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. एका पिढीच्या घरातील काळी बटणे बेकलाइटची होती, ती याच गुणामुळे.

१९२६ मध्ये वाल्डो सेमन याने मऊ केलेले पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजेच पीव्हीसी, हेही स्वभावतः सहज न पेटणारे होते, कारण मूळ पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते. दुसऱ्या महायुद्धात लष्करी तंबूंच्या कापडासाठी क्लोरीनयुक्त पॅराफिन व अँटिमनी ऑक्साइड यांची जोडी वापरली गेली. हॅलोजन आणि अँटिमनी यांचा संयुक्त परिणाम प्रत्येकाच्या स्वतंत्र परिणामापेक्षा पुष्कळ अधिक असतो, हा धडा प्लास्टिक उद्योगाने या तंबूंपासून घेतला.

३. ज्वलनचक्र आणि ते तोडण्याचे मार्ग

पुढील इतिहास समजण्यासाठी ज्वलनाची प्रक्रिया थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. घनरूप प्लास्टिक प्रत्यक्ष जळत नाही. उष्णतेने त्याच्या लांब रेणुसाखळ्या तुटतात, त्यांतून ज्वलनशील वायू निघतात आणि ते वायू हवेत मिसळून पेटतात. ज्वालेची उष्णता पुन्हा पृष्ठभागावर पोहोचते व आणखी वायू निर्माण करते. ज्वालारोधकाचे कार्य हे चक्र एखाद्या ठिकाणी तोडणे हे होय.

त्याचे प्रमुख मार्ग तीन आहेत. पहिला, ज्वालेच्या वायुरूप अवस्थेत हस्तक्षेप करण्याचा. ब्रोमीन किंवा क्लोरीनयुक्त संयुगांतून निघणारे हायड्रोजन हॅलाइड हे ज्वाला टिकवून धरणारे हायड्रोजन व हायड्रॉक्सिल मूलक पकडून त्यांना निष्क्रिय करते. अँटिमनी ट्रायऑक्साइड एकट्याने फारसे काही करीत नाही. मात्र हॅलोजनबरोबर त्याचे बाष्पशील हॅलाइड बनते व परिणाम वाढतो. दुसरा मार्ग पृष्ठभागावर कोळशाचा संरक्षक थर निर्माण करण्याचा. फॉस्फरसयुक्त द्रव्ये प्रामुख्याने हे कार्य करतात. अमोनियम पॉलिफॉस्फेटसारख्या मिश्रणांत हा थर फुगून फेसासारखा होतो. तिसरा मार्ग उष्णता शोषून घेण्याचा. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे विघटित होते आणि आपल्या वजनाच्या सुमारे ३५ टक्के पाणी वाफेच्या रूपाने सोडते. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड हेच कार्य ३०० अंशांच्या पुढे करते.

यांपैकी तिसरा मार्ग सर्वांत निर्धोक दिसत असता उद्योगाने पहिला मार्ग का पत्करला, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर प्रमाणात आहे. तारेच्या वेष्टणात हायड्रॉक्साइड परिणामकारक व्हावयाचे तर एकूण वजनाच्या ६० टक्क्यांपर्यंत मिसळावे लागते आणि त्यामुळे प्लास्टिकची लवचीकता व बळकटी घटते. दूरदर्शन संचाच्या आवरणासाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलिस्टायरीनमध्ये ब्रोमीनयुक्त द्रव्य सुमारे १२ टक्के व अँटिमनी ऑक्साइड सुमारे ४ टक्के पुरे होते. वस्तूचा आकार, चकाकी व किंमत यांत फारसा फरक पडत नसे. ब्रोमीनचा विजय हा असा कारखान्याच्या हिशेबाचा विजय होता.

४. कसोट्यांचा काळ

साठच्या दशकात पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन व पॉलियुरेथेन यांचा घरोघरी प्रसार झाला आणि ‘न पेटणारे’ म्हणजे नेमके काय, हे ठरविण्याची गरज भासू लागली. १९६६ मध्ये फेनिमोर व मार्टिन यांनी ऑक्सिजन निर्देशांकाची पद्धत मांडली. पदार्थ जळत राहण्यासाठी ऑक्सिजन व नायट्रोजन यांच्या मिश्रणात किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो, हा तो निर्देशांक. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. पॉलिएथिलीनचा निर्देशांक १७ च्या आसपास, तर ताठ पीव्हीसीचा ४५ च्या आसपास आहे. यावरून पहिले हवेत का जळत राहते व दुसरे का विझते, हे एका आकड्यात कळू लागले. विद्युत उपकरणांसाठी ‘यूएल ९४’ ही कसोटी रूढ झाली. उभ्या धरलेल्या पट्टीला दहा सेकंदांप्रमाणे दोनदा ज्योत लावावयाची. प्रत्येक वेळी ती दहा सेकंदांत विझली आणि खालील कापूस पेटविणारे थेंब गळले नाहीत, तर ‘व्ही-०’ ही सर्वोच्च श्रेणी मिळे.

या कसोट्या सोप्या, स्वस्त व पुन्हा पुन्हा करता येण्याजोग्या होत्या. परंतु बोटभर पट्टी आणि पेटलेली खोली यांत मोठे अंतर आहे. छोट्या आडव्या नमुन्यावरील चाचणीच्या आधारे अमेरिकेत प्लास्टिक फोमची ‘आपोआप विझणारे’ अशी जाहिरात केली जात होती. प्रत्यक्ष इमारतींत तोच फोम वेगाने जळत असे. १९७३ मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाने उत्पादक कंपन्या, त्यांची संघटना व मानके ठरविणारी संस्था यांच्याविरुद्ध कारवाई सुरू केली. १९७४ च्या तडजोडीनुसार असे शब्द वापरणे थांबले आणि संशोधनासाठी ५० लाख डॉलरचा निधी उभारण्याचे उद्योगाने मान्य केले. कसोटी उत्तीर्ण होणे आणि सुरक्षित असणे यांतील भेद प्रथमच अधिकृतपणे नोंदविला गेला.

पुढे १९८२ मध्ये व्हायटेनिस बाब्राउस्कास याने शंकू-उष्णतामापक विकसित केला. एक किलोग्रॅम ऑक्सिजन खर्ची पडला की सुमारे १३.१ मेगाज्यूल उष्णता निर्माण होते, या तत्त्वावर हे उपकरण उष्णता किती वेगाने बाहेर पडते याची नोंद करते. ‘पेटते की नाही’ या प्रश्नाऐवजी ‘पेटल्यावर आग किती वेगाने वाढते’ हा अधिक योग्य प्रश्न त्यामुळे विचारता आला.

५. न मोजलेला धोका : मिशिगन आणि त्यानंतर

एबीएस प्लास्टिकच्या आवरणांसाठी सत्तरच्या दशकाच्या आरंभी पॉलिब्रोमिनेटेड बायफेनिल हे द्रव्य वापरात होते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ते ‘फायरमास्टर’ या नावाने तयार होई. त्याच कंपनीचे ‘न्यूट्रिमास्टर’ हे मॅग्नेशियम ऑक्साइड पशुखाद्यात मिसळले जाई. १९७३ मध्ये एकाच्या जागी दुसऱ्याची पोती पशुखाद्याच्या गिरणीत गेली. गाईंचे दूध आटले, वासरे दगावली. रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या फ्रेडरिक हॅल्बर्ट या दूधउत्पादक शेतकऱ्याने चिकाटीने पाठपुरावा केला, तेव्हा १९७४ मध्ये खरे कारण उघड झाले. सुमारे ३० हजार गुरे व १५ लाख कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. तोपर्यंत ते दूध व मांस लोकांच्या पोटात गेले होते.

या घटनेकडे केवळ गोदामातील चूक म्हणून पाहणे अपुरे ठरेल. प्लास्टिकमध्ये वर्षानुवर्षे टिकावे म्हणून जे द्रव्य अत्यंत स्थिर ठेवले होते, ते त्याच स्थिरतेमुळे प्राण्यांच्या व माणसांच्या चरबीतही टिकून राहिले. ज्वालारोधकाचा गुण आणि त्याचा दोष ही एकाच रेणूची दोन अंगे होती. तथापि उद्योगाने त्यानंतर प्रामुख्याने स्वीकारलेला पर्याय, म्हणजे पॉलिब्रोमिनेटेड डायफेनिल ईथर, हा रचनेने त्याच द्रव्याचा जवळचा नातलग होता. दोन वलयांच्या मध्ये ऑक्सिजनचा एक अणू, एवढाच मुख्य फरक.

कापडाच्या क्षेत्रातही असेच घडले. मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना लागू झालेल्या अग्निमानकांची पूर्तता करण्यासाठी अमेरिकेत ब्रोमीनयुक्त ‘ट्रिस’ हे द्रव्य वापरले गेले. आर्लीन ब्लम व ब्रूस एम्स यांनी जानेवारी १९७७ मध्ये ते जनुकीय बदल घडविणारे व संभाव्य कर्करोगकारक असल्याचे दाखवून दिले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यावर बंदी आली. त्याची जागा घेणारे क्लोरीनयुक्त ट्रिसही अल्पावधीत संशयास्पद ठरून या कपड्यांतून मागे घेण्यात आले. मात्र पुढे तेच सोफ्याच्या फोममध्ये आढळले. पर्किनने घातलेली अपाय न होण्याची अट अशी मुलांच्याच कपड्यांत मोडली गेली.

६. कॅलिफोर्निया, स्वीडन आणि स्टॉकहोम

१९७५ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने फर्निचरमधील फोमने छोट्या ज्योतीचा १२ सेकंद प्रतिकार केला पाहिजे, असे मानक घातले. मोठ्या बाजारपेठेचा नियम असल्याने त्याचा प्रभाव राज्याबाहेरही पडला आणि लाखो घरांतील फोममध्ये ब्रोमीनयुक्त द्रव्ये शिरली. प्रत्यक्ष आगीत फोमच्या आधी वरचे कापड पेटते आणि तेव्हा फोमपुढे छोटी ज्योत नव्हे, तर मोठा जाळ असतो. ही परिस्थिती कसोटीत नव्हतीच.

येथे दुसरी बाजूही नोंदविणे न्यायाचे ठरेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९८८ मध्ये ज्वालारोधक असलेल्या व नसलेल्या वस्तू पेटवून तुलना केली. ज्वालारोधक वस्तूंच्या खोलीतून बाहेर पडण्यास पंधरा पटींहून अधिक वेळ मिळतो, असे आढळले. योग्य द्रव्य, योग्य प्रमाणात वापरले तर जीव वाचतात, हे यातून निःसंशय सिद्ध होते. परंतु या प्रयोगातील द्रव्यांचे प्रमाण घरगुती सोफ्यांतील प्रमाणापेक्षा पुष्कळ अधिक होते. त्या निष्कर्षाचा आधार घेऊन सर्वच फर्निचरचे समर्थन करणे चुकीचे आहे, असे या प्रयोगाचे प्रमुख असलेल्या बाब्राउस्कास यांनीच पुढे स्पष्ट केले.

दरम्यान स्वीडनमध्ये १९७२ ते १९९७ या काळात जतन केलेल्या मातेच्या दुधाच्या नमुन्यांचे विश्लेषण झाले. त्यातील पॉलिब्रोमिनेटेड डायफेनिल ईथरचे प्रमाण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेल्याचे दिसून आले. युरोपीय संघाने विद्युत उपकरणांतील या द्रव्यांवर १ जुलै २००६ पासून निर्बंध घातले. स्टॉकहोम करारात २००९ मध्ये हेक्साब्रोमोबायफेनिल व पेंटा-ऑक्टा गटांतील ईथर, २०१३ मध्ये हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेन आणि २०१७ मध्ये डेका-ईथर समाविष्ट झाले. कॅलिफोर्नियानेही २०१३ मध्ये उघड्या ज्योतीची कसोटी बदलून धुमसण्याची कसोटी स्वीकारली. तिच्यासाठी फोममध्ये रसायन मिसळण्याची गरज राहिली नाही.

७. भारतीय संदर्भ

भारतात हा प्रश्न प्रथम तारांच्या रूपाने पुढे आला. ३१ मार्च १९९३ रोजी नरोरा अणुवीज केंद्राच्या टर्बाइन विभागातील आग तारांमधून पसरली आणि केंद्राचा वीजपुरवठा पूर्णपणे खंडित झाला. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ प्रेक्षक मृत्यू पावले, ते प्रामुख्याने धुराने गुदमरून. जळून मरणाऱ्यांपेक्षा गुदमरून मरणारे अधिक असू शकतात, हे त्या घटनेने अधोरेखित केले. आज बाजारात तारेच्या वेटोळ्यावर ‘एफआर’, ‘एफआरएलएस’ अशी अक्षरे दिसतात. पहिली आग न पसरण्याबद्दल, तर दुसरी धूर कमी असण्याबद्दलही सांगते. या अक्षरांतील फरक हा कसोटीत नव्या प्रश्नाची भर पडल्याचा पुरावा होय.

ई-कचऱ्यासंबंधीच्या २०११ च्या नियमांनी (अंमल १ मे २०१२ पासून) नव्या उपकरणांतील ब्रोमीनयुक्त बायफेनिल व डायफेनिल ईथर यांना वजनाच्या ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चिरस्थायी सेंद्रिय प्रदूषकांविषयी नियम करून स्टॉकहोम यादीतील काही ज्वालारोधकांच्या उत्पादन व वापरावर बंदी घातली. तथापि जुनी उपकरणे आपल्याकडेच मोडली जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००५ च्या सर्वेक्षणात ई-कचरा निर्माण करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र अग्रस्थानी होता. तांबे मिळविण्यासाठी तारा उघड्यावर जाळणाऱ्या कामगाराच्या बाबतीत ज्वालारोधक अर्धवट जळते आणि डायऑक्सिनसारखी विषारी संयुगे निर्माण होतात. ज्या आगीपासून एखाद्या घराचे रक्षण झाले, तिची किंमत अशी दुसऱ्याच्या फुप्फुसांनी चुकती होते.

८. ग्रेनफेल : उलट दिशेची चूक

या विवेचनावरून ज्वालारोधक द्रव्ये टाळणेच इष्ट, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीस आग लागून ७२ जण मृत्यू पावले. बाहेरून बसविलेल्या पत्र्यांच्या दोन पातळ ॲल्युमिनियम थरांमध्ये साध्या पॉलिएथिलीनचा गाभा होता. खनिज ज्वालारोधक मिसळलेला गाभा असणारे पत्रे बाजारात उपलब्ध असताना साधा गाभा वापरला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने पत्रे व उष्णतारोधक द्रव्ये यांच्या उत्पादकांनी चाचणीच्या प्रक्रियेत फेरफार करून बाजाराची दिशाभूल केल्याचे नमूद केले. अर्धशतकापूर्वी फोमच्या बाबतीत जे घडले, त्याचीच ही अधिक भीषण पुनरावृत्ती होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. ज्वालारोधक द्रव्यांची निवड केवळ रासायनिक परिणामकारकतेवर झालेली नाही. कसोटीत कोणता प्रश्न विचारला गेला आणि त्याचे सर्वांत स्वस्त उत्तर कोणते, यावर ती ठरली.

२. ज्वाला, उष्णतेचा वेग, धूर, विषारीपणा आणि टाकाऊ वस्तूचे भवितव्य हे एकाच सुरक्षिततेचे पाच भाग आहेत. इतिहासात ते एकेक करून, आणि बहुतेक वेळा दुर्घटनेनंतरच, मोजमापाच्या कक्षेत आले.

३. बंदी घातलेल्या रेणूच्या जागी त्याचाच नातलग आणणे हा उपाय नव्हे. फॉस्फरसयुक्त व खनिज द्रव्ये अनेक ठिकाणी अधिक सुरक्षित पर्याय ठरू शकतात. परंतु त्यांनाही हेच पाच प्रश्न विचारावे लागतील.

वर्गात ज्वालारोधकांचे सूत्र शिकविताना त्यासोबत मिशिगनची गोठाघरे, स्वीडनमधील मातांचे दूध आणि ग्रेनफेलचे बहात्तर मृत यांचाही उल्लेख व्हावा, असे या निमित्ताने सुचवावेसे वाटते. लाक्षागृहातून पांडव वाचले, कारण घर कशाचे बांधले आहे हे त्यांना वेळीच कळले होते. आपल्या घरांबाबत तेवढे ज्ञान नागरिकांना मिळवून देणे, हे रसायनशास्त्राच्या आणि इतिहासाच्या अध्यापकांचे सामायिक कर्तव्य आहे.